एका नदीचे दोन काठ आणि पेल्यातलं दूध

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत पोषण या विषयावर झालेलं भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मागच्या बैठकीत एका गटाने चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला होता. “पोराला दुधात टाकायची पावडर घ्यावी की नाही? डब्याला अडीच-तीनशे रुपये जातात. त्यात खरंच जीवनसत्त्वं असतात का?” प्रश्न छोटा दिसतो, पण त्यात घरचा पैसा आहे आणि पोरांची हाडं आहेत. म्हणून आज बोलायचं ठरवलं ते एवढ्यावरच, की आपण जे पितो त्यातून जीवनसत्त्वं मिळतात का, आणि मिळत असतील तर ती पेल्यात येतात कुठून.

हे समजून घ्यायला मी तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहे. युरोपच्या पार उत्तरेला फिनलंड आणि स्वीडन असे दोन शेजारी देश आहेत. दोन्हीकडे दूध भरपूर पितात, दोन्हीकडे हिवाळा कडक आणि ऊन कमी. तरी बरीच वर्षं एका देशातल्या पेल्यातून जेवढं जीवनसत्त्व ड मिळत होतं, तेवढं दुसऱ्या देशातल्या पेल्यातून मिळत नव्हतं. गाई सारख्याच, गवत सारखंच, सूर्य तोच. मग फरक कशाने पडला? ते कळलं की आपल्या पावडरीच्या डब्याचंही उत्तर सापडेल.

आधी जीवनसत्त्व ड म्हणजे काय

डॉक्टर ज्याला व्हिटॅमिन डी म्हणतात, तेच जीवनसत्त्व ड. आपण दूध, नाचणी, तीळ खातो, त्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट ओढून घ्यायला हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं तर कॅल्शियम पोटात जाऊनही पुरेसं अंगी लागत नाही. लहान मुलांची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. त्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. मोठ्या माणसांची, खास करून बायकांची, हाडं दुखतात आणि ठिसूळ होतात.

बाकीची जीवनसत्त्वं आपण खाऊन मिळवतो. ड मात्र उघड्या कातडीवर ऊन पडलं की शरीर स्वतः तयार करतं. खाण्यात ते फार थोड्या पदार्थांत असतं. तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, आणि अगदी नावापुरतं दुधात. हे नीट ऐका, कारण पुष्कळ जणींचा समज वेगळा असतो. गाईचं असो की म्हशीचं, धारोष्ण असो की पिशवीतलं, दुधात मुळात जीवनसत्त्व ड नसल्यासारखंच असतं. कॅल्शियम भरपूर, ड नगण्य. जिथे दुधातून ड मिळतं, तिथे ते कोणीतरी वरून घातलेलं असतं.

मापाचंही सांगून ठेवते. ड फार थोडं लागतं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. काही पाकिटांवर आय.यू. असं लिहितात. चाळीस आय.यू. म्हणजे एक मायक्रोग्रॅम. फिनलंड-स्वीडनमध्ये मोठ्या माणसाला रोज १० मायक्रोग्रॅमची शिफारस आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० आय.यू., असं सांगितलं आहे.

टोर्नियो आणि हापारांडा

आता नकाशावर त्या दोन देशांच्या सीमेवर या. टोर्ने नावाची नदी आहे. या काठाला फिनलंडचं टोर्नियो गाव, त्या काठाला स्वीडनचं हापारांडा. आपल्याकडे कर्नाटकाच्या हद्दीवर एका गावातली माणसं दुसऱ्या गावच्या बाजाराला जातात, तसंच तिथे. पूल ओलांडला की देश बदलतो, भाषा बदलते, घड्याळ एक तासाने बदलतं.

या गावांत डिसेंबरात दिवस कसा असतो? सूर्य जेमतेम तीनेक तास क्षितिजाला चिकटून दिसतो आणि मावळतो. ऊन इतकं तिरपं की ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कातडीत जीवनसत्त्व ड तयारच होत नाही. त्यात अंगावर लोकरीचे थरावर थर. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने सूर्याकडून कमाई शून्य. उन्हाळ्यात जे साठवलं आणि ताटातून-पेल्यातून जे आलं, त्यावर निभावायचं.

मासे खाणारा तरला. पण मासे सगळे रोज खात नाहीत, लहान मुलं तर नाकच मुरडतात. दूध मात्र दोन्हीकडे जेवणाबरोबर पितात, मुलंही आणि मोठी माणसंही. म्हणून दोन्ही सरकारांनी विचार केला की घालायचं तर ड दुधातच घालावं. विचार एकच होता. अंमल मात्र वेगवेगळा झाला, आणि गंमत तिथेच आहे.

फिनलंडने काय केलं

फिनलंडने २००३ मध्ये सुरुवात केली. पिण्याच्या दुधात दर १०० मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम ड घालायचं, आणि पावाला लावायच्या मार्गारिनमध्येही घालायचं. सक्तीचा दंडुका नव्हता, शिफारस होती. पण डेअऱ्यांनी ती मानली. तिथली सगळ्यात मोठी डेअरी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची आहे, हे दूध संघाला दूध घालणाऱ्या सख्यांनी लक्षात ठेवण्यासारखं. कमी मलईचं दूध असो की पूर्ण मलईचं, जवळपास सगळ्यातच ड पडू लागलं.

काही वर्षांनी तपासलं तर लक्षात आलं की एवढं पुरत नाही. मग २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केलं. दर १०० मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम. मार्गारिनमध्येही दुप्पट.

परिणाम झाला का? तिथे २००० आणि २०११ मध्ये देशभर आरोग्य सर्वेक्षण झालं, लोकांच्या रक्तातलं ड मोजलं. आपण हिमोग्लोबिन मोजतो, तसाच ड चाही एक आकडा असतो. तो ५० च्या वर असला की पुरेसा धरतात. सन २००० मध्ये सरासरी होती ४८. म्हणजे काठावर नापास. २०११ मध्ये ती झाली ६५. यात गोळ्या घेणारेही होते हे खरं. पण ज्यांनी एकही गोळी घेतली नाही त्यांचाही आकडा वाढला, आणि रोज दूध पिणाऱ्यांचा न पिणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला. लोकांनी आपली सवय बदलली नव्हती. ते पीत होते तेच दूध पीत राहिले.

स्वीडनने काय केलं

स्वीडनमध्ये उलट होतं. तिथे शिफारस नव्हती, कायदाच होता, आणि तो फिनलंडच्या आधीपासूनचा. पण तो फक्त कमी मलईच्या दुधाला लागू होता. दीड टक्का किंवा त्याहून कमी स्निग्धांश असलेल्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम ड घालायचं. तीन टक्के मलईचं, म्हणजे तिथलं लाल खोक्यातलं दूध, यातून सुटलं होतं.

परिणाम बघा. हापारांडातली एखादी आई मुलाला चांगलं सकस पाजावं म्हणून मलईचं लाल खोकं घेई, आणि त्याच्या पेल्यात ड पडत नसे. शेजारीण हिरव्या खोक्यातलं हलकं दूध घेई, तिच्या मुलाला थोडं मिळे. दोघी एकाच दुकानातून दूध घेत, पण हा फरक खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असे.

पुढे स्वीडनच्या अन्न खात्याने पाहिलं की लोकसंख्येतल्या एका भागाला ड कमी पडतंय. विशेषतः सावळ्या वर्णाच्या लोकांना, कारण सावळ्या कातडीला तेवढंच ड बनवायला जास्त ऊन लागतं, आणि अंगभर कपडे घालणाऱ्यांनाही. म्हणून २०१८ मध्ये नियम बदलला. तीन टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या दुधात आता १०० मिलिलिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम घालायचं ठरलं. दह्या-ताकासारख्या आंबवलेल्या पदार्थांतही, आणि जे दूध पीत नाहीत त्यांच्यासाठी ओट आणि सोयाबीनच्या पेयांतही. डेअऱ्यांना तयारीला २०२० पर्यंत मुदत दिली.

पेल्याचा हिशोब

आपण बचतीचा हिशोब मांडतो तसा हाही मांडू. दोन्ही काठांवरचं एकेक मूल धरा. दोघंही दिवसाला २०० मिलिलिटरचे तीन पेले दूध पितात, म्हणजे ६०० मिलिलिटर.

टोर्नियोतलं मूल: २००३ च्या आधी जवळपास काही नाही. २००३ नंतर ३ मायक्रोग्रॅम. २०१० नंतर ६ मायक्रोग्रॅम.

हापारांडातलं लाल खोक्याचं मूल: २०१८ पर्यंत जवळपास काही नाही. नवा नियम पूर्ण लागू झाल्यावर साधारण ६ मायक्रोग्रॅम.

हापारांडातलं हिरव्या खोक्याचं मूल: आधी अडीच ते तीन, नंतर तेही साधारण ६.

आज दोन्ही काठ सारखे झालेत. पण मधली आठ-दहा वर्षं बघा. तीच नदी, तेवढंच ऊन, तेवढेच पेले, आणि एका मुलाच्या पेल्यात ६ तर दुसऱ्याच्या पेल्यात शून्य. हा फरक कोणा आईच्या काळजीतून आला नव्हता. दूध महाग-स्वस्त असण्यावरही तो अवलंबून नव्हता. कोणत्या दुधात, किती ड घालायचं, हे कोणीतरी एका टेबलावर बसून ठरवलं, त्यातून तो आला.

आणि ६ म्हणजे १० नव्हेत. नुसत्या दुधाने दोन्हीकडे गरज पूर्ण होत नाही. बाकीचं मासे, मार्गारिन, उन्हाळ्यातलं ऊन यांतून भरून काढायचं. फिनलंडमध्ये तान्ह्या बाळाला दोन आठवड्यांपासूनच रोज ड चे थेंब देतात. पेला मदत करतो, सगळा भार उचलत नाही.

जास्त घातलं की जास्त चांगलं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये बाळांच्या दूध पावडरीत आणि इतर खाण्यात इतकं ड घातलं जात होतं, की काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक वाढलं. मग १९५० च्या दशकात प्रमाण खाली आणावं लागलं. ड हे चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे. जास्त झालेलं लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठतं. म्हणून माप ठरवावंच लागतं, आणि म्हणूनच दुकानातून जादा ताकदीच्या गोळ्या आणून मनाने खाऊ नयेत.

मलई, लोणी आणि ताक

आता आपल्या घरात येऊ. हे चरबीत विरघळणं आपल्याला फार उपयोगाचं आहे. जीवनसत्त्व अ, जे डोळ्यांसाठी आणि रोगाशी लढण्यासाठी लागतं, तेही चरबीतच राहतं. म्हणजे दुधातलं अ मलईबरोबर असतं. मलई काढली, ताक घुसळलं, लोणी वर आलं की अ लोण्याबरोबर गेलं. मागे ताकात काय उरतं? कॅल्शियम, प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं, म्हणजे ब-२ आणि ब-१२. ती पाण्यात विरघळतात, म्हणून ताकात राहतात. ताक वाईट नाही, उन्हाळ्यात त्यासारखं दुसरं पेय नाही. फक्त ताकातून अ आणि ड मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लोणकढं तूप घरातल्या सगळ्यांच्या पानात पडलं, नुसतं पुरुषांच्या नाही, तर ते अ घरात नीट वाटलं जाईल.

याच कारणाने पिशवीतल्या टोन्ड दुधाचा प्रश्न येतो. टोन्ड दूध ही मुंबईत जन्मलेली गोष्ट आहे. १९४६ च्या सुमारास आरे वसाहतीत दारा खुरोडी यांनी ते सुरू केलं. म्हशीचं सहा-सात टक्के स्निग्धांशाचं दूध, त्यात बिनमलईच्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणायचा. दूध वाढलं, स्वस्त झालं, गरिबाच्या घरी पोचलं. पण स्निग्धांश कमी झाला तसं त्याच्याबरोबरचं अ सुद्धा कमी झालं. डबल टोन्डमध्ये दीड टक्काच स्निग्धांश, तिथे आणखी कमी.

आपल्याकडचं चिन्ह ओळखा

म्हणून आपल्या देशातही नियम आला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये दुधात अ आणि ड घालण्याचं प्रमाण ठरवून दिलं. एका लिटरमागे ड ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे १०० मिलिलिटरला अर्धा ते पाऊण. गंमत बघा, फिनलंडने २००३ मध्ये जिथून सुरुवात केली, जवळपास तिथेच आपण आहोत.

पण आपल्याकडे दुधासाठी ही सक्ती नाही. ज्या डेअरीला घालायचं ती घालते. घातलं असेल तर पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी एफ अक्षर असतं. ज्या सखीला वाचता येत नाही तिनेही हे चिन्ह ओळखता येईल. हेच चिन्ह काही तेलाच्या पिशव्यांवर आणि मिठावरही दिसेल. तेलात अ आणि ड, मिठात आयोडीनबरोबर लोह.

म्हणजे आपली आजची गत हापारांडासारखी आहे. दुकानात दोन पिशव्या शेजारी-शेजारी, दोन्ही निळ्या-पांढऱ्या, भाव जवळपास सारखा, आणि एकीत ड आहे, दुसरीत नाही. फरक पिशवीवर लिहिलेला असतो, फक्त आपण पिशवी कात्रीने कापून फेकून देतो.

आणि आम्ही तर गोठ्यातलं दूध पितो, असं ज्या म्हणतील त्यांच्यासाठी. फार चांगलं. त्यात मलईसकट अ आहे, कॅल्शियम आहे. ड मात्र नाही. ते तुम्हाला उन्हातूनच घ्यायचं आहे.

ऊन एवढं असताना?

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याकडे तर ऊन नको-नको होतं, आपल्याला काय कमी पडणार? शेतात राबणाऱ्या बाईला पडत नसेलही. पण २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांचं पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी साधारण २४ टक्क्यांना ड ची कमतरता आढळली. चारात एक. शाळा, क्लास, मोबाइल, घर. मुलगी वयात आली की अंगण सुटतं. बिड्या वळणारी, शिवणकाम करणारी, ओढणीने तोंड-हात पूर्ण बांधून जाणारी, यांना सूर्य दिसतो पण कातडीला लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानेही ड तयार होत नाही. आणि सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, हे स्वीडनच्या गोष्टीत आलंच.

कॉफी, चहा आणि लिंबू

फिनलंड आणि स्वीडनची माणसं जगात सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांत मोडतात. त्यांच्या कॉफीत ड नाही, आपल्या चहातही नाही. चहाला दूध चार चमचे, साखर दोन चमचे. त्यातून जीवनसत्त्व मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. म्हणून चहा आणि जेवण यात तास-दीड तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर तर घेऊच नका.

जीवनसत्त्व क चं गणित वेगळं आहे. स्वीडनमध्ये रानगुलाबाच्या फळांचं गोड सूप करून पितात, थंडीत गरम आणि एरवी गार. त्या फळात क भरपूर. आपल्याकडे त्याच तोडीचा आवळा आहे, बांधावर उगवणारा, आणि लिंबू तर दारातच. क पाण्यात विरघळतं आणि उकळलं की बरंचसं जातं. म्हणून लिंबू वरणात-पोह्यात पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, आणि सरबत ताजं करून लगेच प्यायचं. जेवणाबरोबर लिंबूपाणी घेतलं तर भाजीतलं लोह जास्त अंगी लागतं. चहा अडवतो, लिंबू मदत करतं, एवढं पाठ ठेवा.

दुधाबद्दल आणखी एक. ब-२ ला उजेड सोसत नाही. म्हणून पारदर्शक बाटलीतलं दूध उन्हात ठेवू नका, झाकून सावलीत ठेवा. दूध उकळल्याने मात्र अ आणि ड फारसं जात नाही, तेव्हा न उकळता पिण्याचं धाडस करू नका.

मग पावडरीच्या डब्याचं काय?

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे. पावडरीत जीवनसत्त्वं घातलेली असतात, हे खरं आहे. खोटं कोणी म्हणत नाही. पण तीन गोष्टी बघा.

पहिली, डब्याच्या मागे तक्त्यात पहिला किंवा दुसरा घटक कोणता लिहिलाय. जो जास्त असतो तो आधी लिहायचा असा नियम आहे. पुष्कळ डब्यांवर साखर सुरुवातीलाच सापडते.

दुसरी, आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका पेल्याचे. १०० ग्रॅमचा आकडा मोठा दिसतो, आपण टाकतो दोन चमचे.

तिसरी, “हेल्थ ड्रिंक” या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं, की अशी पेयं हेल्थ ड्रिंक या सदरात दाखवू नका. तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय त्यापेक्षा मागच्या बाजूला काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर, चिन्हाचं दूध आणि तेल, आठवड्याला चार-पाच अंडी खात असाल तर अंडी, मूठभर फुटाणे-गूळ, आणि पोराला अंगणात खेळायला सोडणं, यात त्या अडीचशे रुपयांचं जास्त चीज होईल. पोरगं पावडरीशिवाय दूधच पीत नसेल तर थोडी टाका, पण ती चवीसाठी टाकतोय हे ध्यानात ठेवून.

सख्यांनी विचारलेले प्रश्न

“आमचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला चिन्हाचं दूध चालेल का?” नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. ड चे थेंब लागतात का ते आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारा.

“आमच्या सासूबाईंना दूध पचत नाही.” फिनलंडमध्येही असे पुष्कळ लोक आहेत, तिथे त्यांच्यासाठी वेगळं दूध काढलंय. आपल्याकडे दही-ताक बहुतेकांना सोसतं. तेही जमलं नाही तर नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या कॅल्शियमसाठी, आणि चिन्हाचं तेल व ऊन ड साठी.

“ऊन कधी घ्यायचं?” ऊन डोक्यावर असताना ड चांगलं बनतं, सकाळी सातचं कोवळं ऊन त्या मानाने कमी कामाचं. दहा-साडेदहाच्या पुढे, चेहरा, हात, पाय उघडे ठेवून थोडा वेळ. धान्य वाळत घालताना, शेंगा फोडताना होऊन जातं. वैशाखात मात्र चटके बसेपर्यंत बसू नका.

“चिन्हाची पिशवी महाग असते का?” दुधात अ-ड घालायला डेअरीला लिटरमागे काही पैसेच खर्च येतो. तेव्हा कोणी चिन्हाच्या नावावर चार रुपये जास्त मागत असेल तर दुसरीकडे चौकशी करा.

पुढच्या बैठकीपर्यंत

टोर्नियोतल्या आया काही वेगळ्या नव्हत्या. त्यांच्या पेल्यात ड आधी आलं, कारण तिथे कोणीतरी विचारलं, मोजलं, कमी पडतंय म्हटल्यावर पुन्हा वाढवलं. हापारांडात मोजायला आणि बदलायला वेळ लागला. आपल्याकडे निर्णय डेअरीवर सोडलाय. मग डेअरीला विचारणारं कोणी हवं ना? दूध संघाला रोज दूध घालणाऱ्या आपणच आहोत आणि पिशवी विकत घेणाऱ्याही आपणच.

म्हणून तीन कामं देते. प्रत्येक सखीने घरातली दुधाची आणि तेलाची एकेक रिकामी पिशवी धुऊन पुढच्या बैठकीला आणायची. चिन्ह आहे की नाही ते गटाने मिळून बघायचं आणि इतिवृत्तात नोंदवायचं. ज्या डेअरीच्या पिशवीवर चिन्ह नसेल, तिला ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं: “आपण दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घालता का? घालत नसल्यास कधीपासून घालणार?” पत्राचा मसुदा सचिवताईंकडे दिलाय. आणि गावातल्या अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या दुधाच्या, तेलाच्या पाकिटावरही तेच चिन्ह शोधायचं.

पिशव्या आणायला विसरू नका. पुढच्या महिन्यात आपण त्या जमिनीवर मांडून मोजू.